क्षणांशाची वीज आणि तिचें माप

आपल्या जुन्या ज्योतिषग्रंथांत कालाचे विभाग पाडतांना आचार्यांनीं पापणी लवण्याच्या अवधीस निमेष म्हटलें, आणि त्या निमेषाचेहि भाग पाडीत पाडीत ते त्रुटि नांवाच्या अतिसूक्ष्म परिमाणापर्यंत जाऊन पोंचले. कालाचें विभाजन करतांना बुद्धीला कोठेंहि थांबावें लागत नाहीं, हें या संज्ञेनें उत्तम प्रकारें दाखविलें. परंतु एखाद्या कालखंडाला नांव देणें ही एक गोष्ट. तेवढ्या कालखंडांत एखादी घटना इच्छेनुसार घडवून आणणें ही दुसरी. आणि ती घटना नेमकी कशी घडली, किती चढली, केव्हां उतरली, हें खात्रीपूर्वक सांगणें ही तिसरी व सर्वांत अवघड गोष्ट होय. उच्च दाबाची क्षणिक वीज उत्पन्न करण्याच्या आणि मोजण्याच्या खटपटीचा इतिहास पाहिला, म्हणजे या तिन्ही गोष्टींमधील अंतर स्पष्ट होतें.

मृगाचा पाऊस सुरू झाला कीं सह्याद्रीच्या माथ्यावर विजा चमकूं लागतात. डोळ्याला त्या चमकेचा अवधि फार तर अर्ध्या सेकंदाचा भासतो. पण ती बहुधा एक चमक नसते. एकाच वाटेनें तीन-चार, कधीं त्याहूनहि अधिक आघात एकामागून एक येतात. आणि मध्यम प्रतीच्या विजेंत पहिल्या आघाताचा प्रवाह सुमारे पांच मायक्रोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या दहा लक्ष भागांपैकीं अवघ्या पांच भागांत, शून्यापासून तीस हजार ॲम्पिअरपर्यंत चढतो. घरांतील दिव्याला अर्धा ॲम्पिअर प्रवाहहि पुरून उरतो, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या आंकड्याचें बळ कळेल. हे आंकडे तर्कानें काढलेले नाहींत. स्वित्झर्लंडमध्यें लुगानोजवळच्या सान साल्व्हातोरे या डोंगरावर कार्ल बर्गर यांनीं १९४३ पासून पुढें कित्येक वर्षें उंच मनोऱ्यांवर पडणाऱ्या विजांची नोंद केली, आणि १९७५ सालीं सहकाऱ्यांसह तिचा गोषवारा प्रसिद्ध केला. विजेपासून संरक्षण करण्याच्या शास्त्राचा मोठा भाग आजहि त्या नोंदींवर उभा आहे.

शहरांतील गृहस्थाचा या आंकड्यांशीं काय संबंध, असें कोणास वाटेल. पावसाळ्याच्या रात्रीं घाटांत कोठें तरी विजेच्या तारांवर आघात होतो. दहा कोसांवरच्या घरांत दिवा एकदां मंद होऊन पुन्हां पूर्ववत् जळूं लागतो. आणि घरांतील माणसें आपापल्या कामांत गढून जातात. दिवा गेला नाहीं, याचें एक कारण असें, कीं वाटेवरच्या ट्रॅन्स्फॉर्मरनें तो धक्का सोसला. आणि तो सोसेल हें आधीं ठाऊक होतें, कारण कारखान्याच्या परीक्षाशाळेंत त्याच्या जातीच्या ट्रॅन्स्फॉर्मरवर कृत्रिम विजेचा तसाच आघात करून पाहिलेला होता. आतां समजा, त्या परीक्षेंत दहा लक्ष व्होल्टांचा आघात केला असें लिहिलें गेलें, पण वास्तविक तो आठ लक्षांचाच होता. परीक्षेचा दाखला खरा दिसेल, सह्या-शिक्के बरोबर असतील, आणि ट्रॅन्स्फॉर्मर मात्र एखाद्या पावसाळी रात्रीं रुग्णालयाचे दिवे विझवून जळून जाईल. चुकीचें माप हें माप नसण्यापेक्षां अधिक घातक असतें, तें या अर्थानें.

विजेचा सांठा करून तो एकदम मोकळा करण्याची युक्ति फार जुनी आहे. १७४५-४६ च्या सुमारास जर्मनींत क्लाइस्ट यांनीं आणि हॉलंडमधील लायडन येथें मुशेनब्रूक यांनीं कांचेच्या बरणींत वीज सांठविण्याची रीत शोधून काढली. त्यानंतर लवकरच फ्रान्समध्यें नोले यांनीं एकमेकांचे हात धरून उभ्या केलेल्या एकशें ऐशीं शिपायांमधून या बरणीची वीज सोडली, आणि ते सर्वच्या सर्व एकाच वेळीं उसळले. राजदरबाराची करमणूक झाली. पण त्या धक्क्याला किती वेळ लागला, हें कोणालाच सांगतां आलें नाहीं. सर्व शिपाई ‘एकाच वेळीं’ उसळले, यापलीकडे डोळ्याची साक्ष जात नव्हती.

ही साक्ष पुढें नेण्याचें काम १८३४ सालीं लंडनमध्यें चार्ल्स व्हीटस्टन यांनीं केलें. त्यांनीं सुमारे अर्धा मैल लांबीची तांब्याची तार घेऊन तिच्या दोन्ही टोंकांस आणि मध्यभागीं अशा तीन फटी ठेवल्या, आणि त्या तिन्ही फटींतील ठिणग्या एका ओळींत येतील अशी मांडणी केली. या ठिणग्यांकडे ते सरळ न पाहतां सेकंदाला आठशें फेरे घेणाऱ्या आरशांतून पाहत. आरसा इतक्या वेगानें फिरत असल्यामुळें वेळेंतील अत्यल्प अंतर जागेंतील अंतर होऊन डोळ्यांपुढें येई. ठिणगीचें प्रतिबिंब लांबलें नाहीं, त्यावरून तिचा अवधि सेकंदाच्या दहा लक्षाव्या भागाहूनहि कमी असावा, असें त्यांनीं ठरविलें. मधली ठिणगी मात्र किंचित् मागें पडलेली दिसली. त्या अंतरावरून त्यांनीं तारेंतील विजेचा वेग सेकंदाला दोन लक्ष अठ्ठ्याऐशीं हजार मैल काढला.

हा आंकडा प्रकाशाच्या वेगाच्या दीडपटीहूनहि मोठा आहे, म्हणजेच तो चुकीचा आहे. परंतु चूक आंकड्यांत होती, युक्तींत नव्हती. पुढें त्याच फिरत्या आरशाच्या साह्यानें फूको यांनीं प्रकाशाचा वेग मोजला. आणि नंतर लाइप्झिग येथें फेडरसन यांनीं फिरत्या आरशांतील ठिणगीचीं छायाचित्रें घेतलीं, तेव्हां एक विलक्षण गोष्ट उघडकीस आली. जी ठिणगी डोळ्याला एक दिसत होती, तिच्यांत प्रकाशाच्या अनेक पट्ट्या एकीमागून एक होत्या. बरणींतील वीज एका दिशेनें वाहून संपत नाहीं. झोपाळ्याप्रमाणें ती पुढें-मागें हेलकावे घेत थांबते. अमेरिकेंत हेन्री यांनीं १८४२ सालीं असें अनुमान केलें होतें, आणि १८५३ सालीं विल्यम टॉमसन यांनीं गणितानें तें सिद्ध केलें होतें; छायाचित्रांनीं त्याला प्रत्यक्षाची जोड मिळाली. येथून पुढें प्रश्न बदलला. क्षणिक विजेची उंची किंवा अवधि विचारून भागणार नव्हतें. तिचा आकार, तिची चढण आणि उतरण, यांचें संपूर्ण चित्र पाहिजे होतें.

विसाव्या शतकाच्या आरंभीं वीज दूरदूर वाहून नेणाऱ्या तारा डोंगर ओलांडून जाऊं लागल्या, आणि आकाशांतील वीज त्यांवर वारंवार कोसळूं लागली. वीज पडण्याची वाट पाहत बसण्यापेक्षां ती प्रयोगशाळेंतच पाडावी, असें अभियंत्यांना वाटूं लागलें. अमेरिकेंतील स्केनेक्टडी येथें चार्ल्स स्टाइनमेट्झ यांनीं १९२२ सालीं कंडेन्सरांचा मोठा संच सुमारे एक लक्ष वीस हजार व्होल्टांपर्यंत भरून कृत्रिम विजेचा लोळ पाडून दाखविला. लांकडाचे त्यानें तुकडे उडाले आणि वृत्तपत्रांना मोठा विषय मिळाला. परंतु दहा-वीस लक्ष व्होल्ट पाहिजेत, तर तितका दाब प्रथम उत्पन्न कसा करावयाचा आणि तो सांठवावयाचा कोठें, हा पेंच कायम राहिला.

तो पेंच १९२३ च्या सुमारास एर्विन मार्क्स या जर्मन अभियंत्यानें सोडविला. त्याची युक्ति समजण्यास स्वयंपाकघरांतील उतरंड डोळ्यांपुढें आणावी. दहा मडकीं जमिनीवर ओळीनें मांडून एकाच नळानें भरणें सोपें असतें. तींच भरलेलीं मडकीं एकावर एक चढविलीं कीं उंची दसपट होते. मार्क्सच्या यंत्रांत मडक्यांच्या जागीं कंडेन्सर असतात. ते सर्व शेजारीं शेजारीं जोडून, मोठ्या रोधकांमधून सावकाश, प्रत्येकीं एक लक्ष व्होल्टांपर्यंत भरतात. मग ते एकापुढें एक असे जोडले गेले कीं एकूण दाब दहा लक्ष व्होल्ट होतो. ही उतरंड रचावयाची ती मात्र एका निमेषाच्याहि लहानशा अंशांत, आणि एवढें चपळ बटण कोठेंहि मिळत नाहीं. म्हणून हें काम ठिणगीकडूनच करून घेतात. प्रत्येक दोन कंडेन्सरांमध्यें धातूच्या गोळ्यांची एक फट ठेवलेली असते. पहिल्या फटींत मुद्दाम ठिणगी पाडली कीं दुसऱ्या फटीवरचा दाब एकाएकीं वाढतो, तींतहि ठिणगी पडते, आणि याप्रमाणें सर्व फटी पेटत जाऊन उतरंड आपोआप उभी राहते. पहिल्या ठिणगीचा अतिनील प्रकाश पुढच्या फटींवर पडला तर त्या अधिक नियमितपणें पेटतात. म्हणून फटी एकमेकींना दिसतील अशा रचण्याचा प्रघात आहे. आज जगांतील बहुतेक सर्व मोठ्या परीक्षाशाळांत हेंच यंत्र उभें असतें.

कृत्रिम वीज याप्रमाणें हातीं आली. तिच्या आकाराविषयीं राष्ट्राराष्ट्रांत एकवाक्यता व्हावी म्हणून एक प्रमाण आकृतीहि ठरली: सुमारे १.२ मायक्रोसेकंदांत शिखर गांठावें, आणि आरंभापासून ५० मायक्रोसेकंदांनीं उतरून शिखराच्या निम्म्यावर यावें. चढणीस तीस टक्के, उतरणीस वीस टक्के आणि शिखरास तीन टक्के इतकीच मोकळीक दिलेली आहे. चढणीचा अगदीं पायथा आणि अगदीं माथा हीं दोन्ही ठिकाणें फसवीं असतात, म्हणून शिखराच्या तीस टक्क्यांपासून नव्वद टक्क्यांपर्यंत लागलेला वेळ मोजून त्यावरून गणितानें संपूर्ण चढण काढतात. एवढा काटेकोर नियम करण्यास लेखणी पुरते. तो पाळला गेला कीं नाहीं, हें पाहण्यास मात्र माप पाहिजे.

सर्वांत जुनें व साधें माप म्हणजे धातूचे दोन घोटीव गोळे. त्यांमधील अंतर ठराविक ठेवलें असतां ठराविक दाबाला त्यांमध्यें ठिणगी पडते. लहान अंतरांत हवा दर सेंटिमीटरला सुमारे तीस हजार व्होल्ट सोसते. हवेचा दाब, उष्णता आणि दमटपणा यांचा हिशेब केला तर हें माप सुमारे तीन टक्क्यांपर्यंत विश्वसनीय असतें. पण तें केवळ उंची सांगतें, आकार सांगत नाहीं. दुसरी एक रीत लिख्टेनबर्ग यांच्या १७७७ मधील शोधावर आधारलेली आहे. राळेच्या पाटावर वीज पडली आणि वर बारीक भुकटी शिंपडली तर नक्षत्रासारख्या किंवा वर्तुळाकार सुंदर आकृति उमटतात, असें त्यांना आढळलें होतें. १९२४ सालीं अमेरिकेंत पीटर्स यांनीं पाटाऐवजीं छायाचित्राची फिल्म वापरून ‘क्लायडोनोग्राफ’ बनविला. आकृतीच्या व्यासावरून दाब, आणि तिच्या ठेवणीवरून धन किंवा ऋण वीज ओळखतां येऊं लागली. तरीहि हें विजेचें पाऊल होतें. तिचें चालणें नव्हतें.

तें चालणें पाहण्यास वजनहीन लेखणी पाहिजे, कारण लोखंडाची किंवा पितळेची सुई कितीहि हलकी असली तरी मायक्रोसेकंदांत हलूं शकत नाहीं. ही लेखणी १८९७ सालीं ब्राऊन यांच्या कांचेच्या नळीनें दिली. तींतील इलेक्ट्रॉनांचा झोत विजेच्या स्पर्शानें जवळजवळ तत्काळ वळतो. फ्रान्समध्यें द्युफूर यांनीं छायाचित्राची फिल्म नळीच्या आंत, निर्वात जागेंतच ठेवून झोताला थेट तिच्यावर लिहावयास लावलें. पण येथें एक नवी अडचण आली. विजेचा स्पंद आला हें कळून झोत पडद्यावरून धांवूं लागावा, तोंपर्यंत तो स्पंद निघूनहि गेलेला असे. डेनिस गाबोर यांनीं बर्लिन येथें आपल्या पदवीच्या प्रबंधासाठीं १९२० नंतरच्या वर्षांत याच अडचणीवर काम केलें, आणि येणाऱ्या स्पंदाकडूनच झोताला जागें करविण्याची जोडणी सिद्ध केली. दुसरा एक उपाय असा: स्पंदाचे दोन भाग करावे, एकानें झोताला जागें करावें आणि दुसऱ्यास लांब तारेचा वळसा घालून यावयास लावावें, म्हणजे तो पोंचतो तेव्हां लेखणी तयार असते.

या खटपटीचें एक फळ तर कोणाच्या स्वप्नींहि नव्हतें. बर्लिनच्याच तंत्रविद्यापीठांत विजेच्या तारांवरील क्षणिक स्पंदांची नोंद नीट व्हावी, म्हणून झोत अधिक बारीक करण्याचें काम मॅक्स क्नोल यांच्या देखरेखीखालीं एर्न्स्ट रुस्का या तरुण विद्यार्थ्याकडे आलें. झोत एकवटणाऱ्या चुंबकीय वेटोळ्याचा अभ्यास करतां करतां तें वेटोळें भिंगाचें काम करतें हें त्यानें पारखून घेतलें, आणि १९३१ सालीं त्यांतून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक जन्मास आला. रोगजंतूंहूनहि सूक्ष्म असे विषाणु माणसाला दिसले, ते आकाशांतील वीज मोजूं पाहणाऱ्यांच्या आटाआटीमुळें. रुस्का यांना १९८६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. गाबोर यांना तें १९७१ सालीं निराळ्याच शोधाबद्दल, होलोग्राफीबद्दल, मिळालें होतें.

लेखणी मिळाली तरी दहा लक्ष व्होल्ट तिच्यापुढें सरळ नेतां येत नाहींत. त्यांचा एक लहान, ठराविक अंश तेवढा काढून द्यावा लागतो. हें काम करणाऱ्या उंच खांबाला दाबविभाजक म्हणतात. शितावरून भाताची परीक्षा करावी, तसा हा प्रकार आहे. पण एका शितावरून भात कळतो तो सगळा भात सारखा शिजला असेल तरच. आणि विभाजकाचा अंश खरा असतो तो वेगवान व सावकाश अशा सर्व बदलांना त्याचें प्रमाण एकच राहिलें तरच. येथेंच घोडें पेंड खातें. केवळ रोधकांचा उंच विभाजक बनविला तर त्याच्या प्रत्येक भागाची थोडी वीज हवेंतून जमिनीकडे झिरपते, आणि त्यामुळें स्पंदाची तीक्ष्ण चढण बोथट होऊन दिसते. केवळ कंडेन्सरांचा बनविला तर तारांशीं मिळून तो घंटेसारखा वाजूं लागतो, आणि मूळ स्पंदांत नसलेले हेलकावे चित्रांत उमटतात. म्यूनिक येथें वाल्टर झेंग्ल यांनीं १९६० नंतरच्या दशकांत दोहोंचा मेळ घातला. प्रत्येक कंडेन्सरापाठीं योग्य तेवढा रोधक घालून घंटेचा नाद दाबून टाकला. त्यांच्या पद्धतीचे विभाजक आज सर्वत्र वापरांत आहेत.

याहून कपटी शत्रु म्हणजे जमिनीला जोडलेली तार. जमीन म्हणजे शून्य दाब, असें शाळेंत शिकवितात, आणि सावकाश बदलणाऱ्या विजेपुरतें तें खरेंहि आहे. पण सरळ तारेच्या एका मीटर लांबींतून दर मायक्रोसेकंदाला दहा हजार ॲम्पिअर इतक्या वेगानें चढणारा प्रवाह गेला, तर त्या एका मीटराच्या दोन टोंकांमध्यें सुमारे दहा हजार व्होल्टांचा फरक पडतो. मोजणाऱ्या यंत्राकडे शंभर-दोनशें व्होल्टांचा अंश यावयाचा असतो. तेथें अशा तारेंतील दाबाचा थोडा भाग जरी वाट चुकून शिरला, तरी पडद्यावर उमटणारें चित्र स्पंदाचें नसून जमिनीच्या तारेचें असतें. आणि तें इतकें सुबक असूं शकतें कीं नवशिका त्यालाच खरें मानून बसेल.

यावर जाणत्या अभियंत्यांनीं काढलेली परीक्षा मोठी सुंदर आहे. सर्व मांडणी जशीच्या तशी ठेवावी. फक्त मापनतारेचें विभाजकाकडील टोंक सोडवून तेथेंच तें बंद करावें. आणि मग पूर्ण दाबाचा स्पंद पुन्हां सोडावा. आतां यंत्राला पाहण्यास कांहींच दिलेलें नाहीं, म्हणून पडद्यावर सरळ रेषा उमटली पाहिजे. ती हलली, तर जेवढी हलली तेवढें यंत्र खोटें बोलत होतें. साक्षीदाराला, जेथें तो हजरच नव्हता, तेथें काय घडलें हें विचारावें. आणि तो जर तपशीलवार वर्णन करूं लागला, तर त्याच्या बाकीच्या जबानीचीहि किंमत कळून येते. दुसरी परीक्षा म्हणजे ज्ञात आकाराची, पायरीसारखी तीक्ष्ण अशी लहान वीज विभाजकाला देऊन तो ती कशी परत सांगतो हें पाहणें. तिसरी म्हणजे निराळ्या तत्त्वावरचें दुसरें माप शेजारीं उभें करून दोहोंची साक्ष ताडून पाहणें. या सर्वांतून पार पडल्यावरहि प्रमाणभूत परीक्षेंत शिखराच्या मापांत तीन टक्क्यांची आणि वेळेच्या मापांत दहा टक्क्यांची अनिश्चितता चालूं शकते. तेवढें साधणेंहि सोपें नाहीं.

मायक्रोसेकंदाहून हजारपट लहान अशा नॅनोसेकंदांच्या प्रदेशांत गेलें कीं नेहमींच्या कल्पनाच ढांसळतात. एका नॅनोसेकंदांत प्रकाश सुमारे तीस सेंटिमीटरच जातो. तीन मीटर उंचीच्या विभाजकाच्या माथ्यावरील बातमी पायथ्याशीं पोंचण्यास दहा नॅनोसेकंद लागतात. तेवढ्यांत मूळ स्पंद येऊन संपलेला असूं शकतो. येथें तार हा केवळ रस्ता राहत नाहीं. ती स्वतःच विजेचें कोठार बनते. ठराविक लांबीची केबल भरून ठेवून एका टोंकानें मोकळी केली, तर वीज दुसऱ्या टोंकापर्यंत जाऊन परत येण्यास जेवढा वेळ लागतो, तेवढ्याच अवधीचा चौकोनी स्पंद मिळतो. वीस मीटरची केबल सुमारे दोनशें नॅनोसेकंदांचा स्पंद देते. मात्र भरलेल्या दाबाच्या निम्माच दाब हातीं लागतो. इंग्लंडमधील ॲलन ब्लमलाइन यांनीं दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत रडारसाठीं दोन केबलींची अशी जोडणी सुचविली, कीं दाब निम्मा न होतां पूर्णच मिळावा. ७ जून १९४२ रोजीं रडारच्या चांचणीसाठीं निघालेलें विमान कोसळून वयाच्या अडतिसाव्या वर्षीं ते मृत्यु पावले. त्यांच्या नांवाची ती जोडणी मात्र आजहि जगभर वापरतात.

युद्धानंतर १९६० च्या पुढें इंग्लंडमध्यें आल्डरमास्टन येथें जे. सी. मार्टिन आणि त्यांचे सहकारी यांनीं मार्क्सची उतरंड आणि ब्लमलाइनची जोडणी एकत्र आणली, आणि कोठारांत तेलाबरोबर शुद्ध पाण्याचाहि उपयोग केला. पाणी आणि वीज यांचें वैर सर्वांस ठाऊक. पण मायक्रोसेकंदाच्या अवधीपुरतें शुद्ध पाणी उत्तम निरोधक ठरतें, आणि हवेच्या मानानें त्यांत सुमारे ऐशींपट वीज सांठते. याच वाटेनें पुढें अमेरिकेंत सँडिया येथील ‘झेड’ हें प्रचंड यंत्र झालें. त्यांत मार्क्सचे छत्तीस संच एकदम सुटून सुमारे शंभर नॅनोसेकंदांत दोन कोटींहून अधिक ॲम्पिअर प्रवाह चढतो. आपल्याकडे मुंबईस, ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रांत, ‘काली’ या नांवाचीं इलेक्ट्रॉनांचे क्षणिक झोत देणारीं यंत्रें याच परंपरेंत बनविलीं गेलीं. आणि १९८० सालीं म्यूनिक येथें पाण्याखालीं उच्च दाबाची ठिणगी पाडून, तिच्या धक्क्याच्या लहरी एका जागीं एकवटून, शस्त्र न लावतां मूत्रपिंडांतील खडा फोडण्याचा उपचार प्रथमच मनुष्यावर करण्यांत आला.

अशा यंत्रांत उंच विभाजक निरुपयोगी ठरतो. म्हणून यंत्राच्या भिंतींतच एक लहान चकती किंवा तारेचें एक लहान वेटोळें बसवितात. तें दाब किंवा प्रवाह सांगत नाहीं. ते किती वेगानें बदलत आहेत, एवढेंच सांगतें, आणि त्या बदलांची बेरीज करून मूळ आकार काढावा लागतो. कांहीं ठिकाणीं तार अजिबात टाळून प्रकाशाला साक्षीस बोलावतात. विजेच्या क्षेत्रांत ठेवलेल्या विशिष्ट स्फटिकांतून जातांना प्रकाशाची ठेवण बदलते, हें पॉकेल्स यांनीं १८९३ मध्यें दाखविलें होतें. तो बदल कांचेच्या तंतूंतून दूर आणून वाचतां येतो.

इतकें होऊनहि माप माणसाला कसें चकवितें, याचें एक उदाहरण अगदीं घरांतलें आहे. थंडीच्या कोरड्या दिवसांत कृत्रिम धाग्यांचें वस्त्र अंगावर असतां दाराच्या कडीला हात लावला कीं चट्कन् झटका बसतो. त्या चिमुकल्या ठिणगीचा दाब कित्येक हजार व्होल्टांचा असतो, आणि नाजूक इलेक्ट्रॉनिक उपकरणें तिनें बिघडतात. ती सोसण्याची परीक्षा घेण्यासाठीं १९८४ मध्यें आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलें, तेव्हां त्या प्रवाहाची चढण पांच नॅनोसेकंदांची सांगितली होती. परंतु त्या काळीं प्रचारांत असलेलीं बरींच मापनयंत्रें स्वतःच तितकीं मंद होतीं. सेकंदाला दहा कोटी कंपनांपर्यंत धांवणारें यंत्र साडेतीन नॅनोसेकंदांहून वेगवान चढण दाखवूंच शकत नाहीं. पाऊण नॅनोसेकंदांत चढणारा स्पंदहि त्याच्या पडद्यावर साडेतीनांचाच दिसतो. अधिक चपळ यंत्रांनीं पाहिलें, तेव्हां खऱ्या ठिणगीची चढण एका नॅनोसेकंदाच्याहि आंतली निघाली. एकाच प्रमाणाला अनुसरून बनविलेलीं निरनिराळ्या कारखान्यांचीं परीक्षायंत्रें एकाच उपकरणाला एकदां उत्तीर्ण व एकदां नापास कां ठरवितात, याचा उलगडा मग झाला. १९९१ च्या आवृत्तींत चढण ०.७ ते १ नॅनोसेकंद अशी सुधारण्यांत आली.

या साऱ्या कथेंत एक गोष्ट पुन्हां पुन्हां दिसते. विजेचा स्पंद निर्माण करणें कठिण खरें, पण तें साधलें कीं त्याचा गडगडाट सर्वांस ऐकूं येतो आणि यश जगाला दिसतें. माप चुकलें तर आवाज होत नाहीं. बोथट यंत्र बोथट चित्र काढतें, आणि तेंच वस्तूचें खरें रूप होय असा पाहणाऱ्याचा ग्रह होतो. म्हणून या शास्त्रांत खरा निष्णात तो, जो आंकडा हातीं येतांच आनंदानें लिहून ठेवीत नाहीं, तर या आंकड्यांत वस्तूचा वांटा किती आणि यंत्राचा किती, हें प्रथम विचारतो. आणि आपलें यंत्र शून्याला शून्य म्हणतें कीं नाहीं, हें रोज पाहून घेतो.

मराठींत त्रुटि या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक कालाचा अत्यंत सूक्ष्म अंश, आणि दुसरा उणीव. क्षणांशाची वीज मोजणाऱ्यांना हे दोन्ही अर्थ एकदम सांभाळावे लागतात. पहिली त्रुटि त्यांनीं आज पुष्कळ अंशीं हस्तगत केली आहे. दुसरी आपल्याच मापांत शोधीत राहणें, हें त्यांचें न संपणारें काम आहे. आणि पावसाळ्याच्या रात्रीं एकदां मंद होऊन पुन्हां जळूं लागणाऱ्या दिव्यामागें त्या कामाचा मोठा हातभार असतो.